नळ आले त्या दिवशी

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, साधारण 5 लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. हे सगळं भोगलेली आमची गल्ली. आणि आजही “नळ आले गं” अशी हाक आली की बायकांचं पहिलं काम कोणतं? घरातलं शिळं पाणी मोरीत ओतून भांडी रिकामी करणं! मीही वीस वर्षं ओतलं. सासूबाईंची शिस्तच तशी होती.

एकदा ओतायच्या आधी मोजलं. दोन घागरी आणि अर्धं पिंप, म्हणजे सव्वाशे लिटर. तेव्हापासून पद्धत बदलली, ती सांगते.

नळ यायचा दिवस साधारण ठाऊक असतोच. आदल्या दिवशी धुणं काढा. चादरी, पायपुसणी, सगळं. पिंपातलं पाणी त्यात संपवा. घागरीतलं पिण्याचं पाणी झाकलेलं असेल आणि ओगराळ्यानं काढलेलं असेल, तर एका रात्रीत त्याला काही होत नाही. पाणी बिघडवतो तो बोटांसकट बुडवलेला तांब्या. तसं झालं असेल तर ते भांड्यांना वापरा, पण मोरीत नको.

आता भांडी घासण्याचं. हे मात्र टाळू नका, कारण डेंगीचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला. अंडी काळी, बारीक, नुसत्या डोळ्यांना धूळच वाटते. पिंप कोरडं पडलं तरी ती महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि आमच्याकडे नळही तेवढ्याच दिवसांनी येतो! म्हणून पाणी फेकून उपयोग नाही, भिंत घासावी लागते. काथ्या घ्या, काठापासून खाली गोल गोल जोर लावून घासा. दोन तांबे पाण्यानं विसळा आणि ते पाणी गटारीत नको, कोरड्या मातीवर टाका. जुन्या पाण्यात अळ्या वळवळत असतील तर ते दुहेरी फडक्यातून बादलीत गाळा, फडकं उन्हात टाका. गाळलेलं पाणी संडासाला चालतं. भरून झालं की पिंपाच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं दोरीनं ताणून बांधा. नुसतं झाकण एका बाजूनं उघडं राहतंच.

नळ सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं लाल, गढूळ पाणी येतं. लोक ते रस्त्यावर सोडतात. ते बादल्यांत धरा. गाळ बसला की वरचं पाणी फरशीला होतं.

फिल्टरचं वाया जाणारं पाणीही असंच बादलीत धरते. माझ्याकडे एक हंडा प्यायला मिळतो तेव्हा तीन हंडे बाहेर पडतात. फक्त ते कूलरमध्ये घालू नका. मी घातलं आणि महिन्याभरात गवताच्या पडद्यावर मिठासारखा पांढरा थर चढला. आधीच बोअरचं पाणी जड, त्यात हे त्याहून खारट. तुळशीलाही रोज नको.

सगळ्यात मोठी गळती मात्र दारात आहे. निम्म्या घरांच्या नळाला तोटीच नाही. नळ येतोच किती वेळ, मग तोटी कशाला, असा हिशेब. भांडी भरली की नळी गटारीत, आणि बाई टीव्हीपुढे. तोटी बसवायला प्लंबर लागत नाही. पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप, आटे फिरतात त्याच दिशेनं, सात-आठ वेढे घट्ट गुंडाळा आणि तोटी हातानं पिळून बसवा. शेवटचा अर्धा फेरा पान्यानं. नळ आला की बोट फिरवून बघा, ओल लागली तर काढून टेप नव्यानं गुंडाळा.

पितळेची घेऊ नका. माझी दोनदा चोरीला गेली. प्लास्टिकचीला कोणी हात लावत नाही.