लवकर बाहेर लावलेली अटलांटिक जायंट भोपळ्याची रोपं थिजली होती, त्यावर हे लागू पडलं

कॅनडातलं ऑन्टारियो, मेची सुरुवात. घरात वाढवलेली रोपं वाफ्यात लावताच पानांच्या कडा पांढऱ्या पडून कुरकुरीत झाल्या. माती ओली असूनही दुपारी पानं मान टाकायची आणि वाढ ठप्प. जादा पाणी दिलं, फिश इमल्शन (माशांपासूनचं द्रवखत) दिलं. उलट पिवळेपणा वाढला. वैताग आला.

दोष खताचा नव्हताच. 10 सेंमी खोल थर्मामीटर खुपसला तर सकाळी माती 11 अंश सेल्सिअस! इतक्या गार मातीत भोपळ्याची मुळं पाणी नीट ओढत नाहीत. कडा करपल्या त्या मात्र थेट ऊन-वाऱ्याने.

क्रम असा ठेवला. वरची 3-4 सेंमी माती सुकेपर्यंत पाणी बंद. रोपाभोवती मीटरभर काळं प्लास्टिक, कडा मातीने दाबून, बुंध्याशी वीतभर जागा मोकळी. वर पाइपच्या कमानी आणि पारदर्शक प्लास्टिक. आतलं तापमान 30 अंशांवर गेलं की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं टोक उघडायचं, नाहीतर रोप आतच उकडतं. सुरुवातीला सकाळी 11 ते दुपारी 4 शेडनेट. नंतर पाणी सकाळीच आणि कोमट, रोपाला अर्धा लिटर.

करपलेली पानं कापू नका, उरलेला हिरवा भाग कामाचा असतो. रोप उपटून पुन्हा कुंडीत तर मुळीच नको. मुळं दुखावली की संपलं. जुनी पानं सुधारत नाहीत, शेंड्याकडे बघा. तिथलं नवं पान तळव्याएवढं, स्वच्छ हिरवं झालं की खत, तेही निम्म्या मात्रेने. रात्री 10 अंशांखाली जाताहेत तोवर झाकण ठेवा.