चंद्रावरच्या फोटोंत तारे का दिसत नाहीत, हे स्वतःच्या कॅमेऱ्याने कसे पडताळावे

चंद्रावर काढलेल्या फोटोंतले आकाश काळेकुट्ट असूनही त्यात एकही तारा नाही, म्हणून ते फोटो स्टुडिओतच काढलेले असणार, हा तर्क मी इतक्या वेळा ऐकला आहे की हल्ली त्यावर वाद न घालता मी समोरच्याच्या हातात कॅमेरा देतो. त्यासाठी उन्हाची एक सकाळ, पौर्णिमेची एक रात्र आणि शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचे भोक किती उघडे आहे; एफचा आकडा जितका लहान तितके भोक मोठे) व आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) हाताने बदलता येईल असा कॅमेरा एवढे पुरते. मोबाइलचा नाइट मोड या कामी अजिबात वापरू नये. तो अनेक फोटो परस्पर जोडून एक करतो, त्यामुळे आपण नेमका किती प्रकाश घेतला याचा हिशेबच लागत नाही, आणि इथे तर सगळा प्रश्न हिशेबाचाच आहे.

आधी कॅमेऱ्याचे आकडे ठरवून घ्यावेत. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे चांद्रवीर चंद्रावर उतरले, तेव्हा तिथे सकाळ होती आणि ऊन तिरपे पडत होते. त्यांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यातील रंगीत फिल्म १६० एएसएची होती; एएसए म्हणजे आयएसओचेच जुने नाव. शटर सेकंदाच्या २५० व्या भागावर ठेवून उन्हातल्या वस्तूसाठी एफ/११ आणि सावलीतल्या वस्तूसाठी एफ/५.६ वापरावे, अशी सूचना फिल्मच्या डब्यावरच चिकटवलेली होती. आपल्या कॅमेऱ्यात आयएसओ २००, शटर १/२५० आणि ॲपर्चर एफ/११ ठेवावे. १६० आणि २०० मधला फरक किरकोळ आहे.

सकाळी आठ-साडेआठच्या उन्हात पांढरा सदरा घातलेल्या एखाद्या माणसाचा या आकड्यांवर फोटो काढावा. तो व्यवस्थित येतो.

रात्री तेच आकडे ठेवून, चंद्र चौकटीबाहेर राहील अशा बेताने आकाशाचा फोटो काढावा. तो संपूर्ण काळा येतो. नंतर कॅमेरा चंद्राकडे वळवून, आकडे न बदलता पुन्हा फोटो काढावा. आता चंद्रावरचे डाग स्वच्छ दिसतात आणि भोवती एकही तारा नसतो. सकाळच्या सदऱ्याचे आकडे रात्रीच्या चंद्राला कसे चालले, याचे पुष्कळांना नवल वाटते. परंतु आपण पाहतो तो चंद्राचा भाग तिथल्या दिवसाचा असतो. त्याच्या मातीवर पडते ते आपल्या गच्चीवर पडते तेच ऊन, आणि ती माती जुन्या डांबरी रस्त्यासारखी, पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत फेकणारी आहे. या टप्प्यावर कॅमेरा ऑटोवर टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. ऑटो कॅमेरा चौकटीतला सगळा अंधार पाहून शटर लांबवतो आणि चंद्राचा पांढरा फटफटीत गोळा करून ठेवतो.

यापुढची पायरी ताऱ्यांची, आणि सगळा घोळ इथेच होतो. आयएसओ १६००, एफ/२.८ आणि दहा सेकंद शटर हे आकडे कोणीही सांगतो. फोकसविषयी मात्र ‘अनंतावर ठेवा’, म्हणजे लेन्सवरच्या अतिदूरच्या वस्तूंसाठीच्या खुणेवर ठेवा, एवढेच सांगून सगळे मोकळे होतात. एका कोजागिरीला आमच्या गच्चीवर मी हाच प्रयोग मोठ्या ऐटीत मांडला होता. लेन्सची कडी अनंताच्या खुणेपलीकडे, पार शेवटपर्यंत फिरवलेली होती. दहा सेकंदांचे सहा फोटो काढले आणि सहाही फोटोंत नुसते फिकट आकाश आले. मसाला दुधाचा पेला हातात घेऊन उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, “म्हणजे आपणही स्टुडिओतच राहतो म्हणायचे!” पोरे खो खो हसली आणि त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हते.

चूक अशी होती की ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्सची कडी अनंताच्याही थोडी पुढे फिरते, त्यामुळे शेवटच्या टोकाला फोकस सुटलेला असतो. चंद्राचा फोकस जरासा सुटला तर कडा मऊ होतात, पण चंद्र दिसतो. ताऱ्याचे तसे नसते. तारा हा ठिपका आहे. फोकस सुटला की त्या ठिपक्याचा प्रकाश शेकडो पिक्सेलवर पसरतो आणि चांदण्याने उजळलेल्या आकाशात विरघळून जातो. मग ‘एवढा वेळ शटर उघडे ठेवूनही तारे आले नाहीत’ असा संपूर्ण खोटा निष्कर्ष निघतो. समोरच्या इमारतीच्या दिव्यावर फोकस करावा, हा सल्लाही मी ऐकला आहे आणि तो तितकाच निरुपयोगी आहे, कारण तो दिवा पुरेसा दूर नसतो.

म्हणून पुढील क्रम सोडू नये. ऑटोफोकस बंद करावा. हिवाळ्यात व्याध किंवा रोहिणी, उन्हाळ्यात स्वाती किंवा अभिजित असा ठळक तारा मागच्या पडद्यावर मधोमध आणून पडद्यावरचे चित्र दहा पट मोठे करावे. मग कडी अगदी सावकाश फिरवावी. तारा आधी फुगीर चकतीसारखा दिसतो, आक्रसत जाऊन टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि कडी आणखी फिरवली की पुन्हा फुगू लागतो. एकदा मुद्दाम पुढे जाऊन मागे यावे, म्हणजे सर्वांत लहान ठिपका कुठे होता ते नक्की कळते. तिथे कडीवर चिकटपट्टी लावावी. झूम हलवला तर फोकस पुन्हा करावा लागतो, हे मी दोनदा विसरलो आहे. ट्रायपॉडवर कॅमेऱ्याची कंपनरोधक सोय बंद करावी आणि बटण दोन सेकंदांच्या टायमरने दाबावे.

आता दहा सेकंदांत तारे येतात, आणि इथे हिशेब मांडावा. फिल्मच्या १६० वरून आयएसओ १६०० केला म्हणजे दहा पट, एफ/११ वरून एफ/२.८ केले म्हणजे भोकाची रुंदी चौपट, म्हणून प्रकाश सोळा पट आणि १/२५० वरून दहा सेकंद म्हणजे अडीच हजार पट. गुणाकार केला की चार लाख होतात. म्हणजे चंद्रावर तारे टिपायचे असते, तर फिल्मवर चार लाख पट परिणाम घडवावा लागला असता, आणि मग उन्हातला चांद्रवीर, झेंडा आणि जमीन यांचा एकच पांढरा पडदा झाला असता. तिथे वातावरण नाही म्हणून तारे अधिक ठळक यायला हवेत, हे म्हणणे इथेच कोसळते. वातावरण नसल्याने आकाश दिवसाही काळे राहते एवढेच. उन्हात उभ्या माणसासाठी लावलेल्या शटरला त्याचा काही उपयोग होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने विक्रम लँडरचा फोटो काढला, त्यातही आकाश असेच रिकामे आहे.

ज्यांना चंद्रावरून खरोखर तारेच टिपायचे होते, त्यांनी कॅमेराही वेगळा नेला. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ बरोबर जॉर्ज कॅरथर्स यांनी घडवलेला अतिनील कॅमेरा गेला होता. तो तिवईवर, चांद्रवीरांच्या उतरत्या यानाच्या सावलीत ठेवून दीर्घकाळ उघडा ठेवला गेला आणि त्याच्या फोटोंत तारेही आले, मोठा मॅगेलनी मेघ ही शेजारची दीर्घिकाही आली.

शेवटचा फोटो मात्र शहराच्या दिव्यांपासून दूर, पौर्णिमेचा चंद्र माथ्याजवळ असताना, आयएसओ १६००, एफ/२.८ आणि दहा सेकंदांवरच काढावा, पण चंद्राकडे पाठ करून, अंगणाचा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतो आणि आपण कॅमेऱ्याला तेवढेच पट वाढवून दिलेले असते. माझ्याकडच्या अशा एका फोटोत गावच्या पाण्याच्या टाकीची सावली भर दुपारसारखी रेखीव पडली आहे, दोरीवरच्या साड्यांचे रंग ओळखू येतात, वरचे आकाश निळे आहे आणि त्या निळ्यात तारे आहेत.