बसची पाटी लांबून वाचता यावी म्हणून

थांब्यावरच्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: बसचा नंबर आणि शेवटचा थांबा. नंबर सर्वांत मोठा ठेवा. ब्रिटनच्या २००० सालच्या नियमांत पुढच्या पाटीवर नंबरासाठी किमान २०० मिलिमीटर आणि ठिकाणासाठी १२५ मिलिमीटर उंची आहे. हे माप धरून चालायला हरकत नाही.

अक्षरे सरकती ठेवू नका. बस जवळ येते तेव्हा नेमका नावाचा अर्धा तुकडाच दिसतो आणि हात दाखवायची वेळ निघून जाते. 'मार्गे' लिहायचेच असेल तर पाटी दोन पानांत बदला, प्रत्येक पान तीन-चार सेकंद. नंबर मात्र दोन्ही पानांवर जागचा हलता कामा नये.

देवनागरीसाठी एलईडी पाटीवर दिव्यांच्या १६ आडव्या ओळी अपुऱ्या पडतात. वेलांटी, रफार आणि खालचा उकार यांनाच बरीच जागा लागते, मग 'कु' आणि 'कृ' सारखेच दिसू लागतात. शक्यतो २४ ओळींची पाटी घ्या, आणि जोडाक्षरांची नावे प्रत्यक्ष पाटीवर लावून ३० मीटरांवरून वाचून पाहा. संगणकावर सगळेच सुबक दिसते!

रात्री उजेड कमी करा, नाहीतर अक्षरे पसरतात. परतीची पाटी प्रवासी चढण्याआधीच बदला.