डेटा लॉगरला डीएस३२३१ घड्याळ जोडताना

डेटा लॉगर म्हणजे ठरावीक वेळाने नोंदी करणारं उपकरण, आणि डीएस३२३१ ही त्याला वेळ सांगणारी चिप. ती बसवलेल्या, बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलला वीज देण्याआधी त्यात कोणता सेल आहे ते पाहा. बोर्डावरचं चार्जिंग सर्किट एलआयआर२०३२ या रिचार्जेबल सेलसाठी आहे. त्या जागी साधा सीआर२०३२ बसवून व्हीसीसीला (वीज घेणाऱ्या पिनला) ५ व्होल्ट दिले, तर डायोडचे ०.६ व्होल्ट वजा जाता सुमारे ४.४ व्होल्ट त्या ३ व्होल्टच्या सेलवर सतत राहतात. सेल फुगतो, गळतो. डायोडजवळचा ‘२०१’ छापलेला २०० ओमचा रेझिस्टर काढून टाका, चार्जिंग बंद. (४.४ व्होल्ट एलआयआरलाही जास्तच आहेत.) ३.३ व्होल्टवर चालवलंत तर सीआर२०३२ सुरक्षित राहतो.

लॉगर आर्डुइनो ऊनो बोर्डावर असेल तर एसडीए (डेटाची तार) ए४ला, एससीएल (क्लॉकची तार) ए५ला, एसक्यूडब्ल्यू (अलार्मचा इशारा देणारी पिन) डी२ला, ग्राउंड सामाईक. लॉगर ३.३ व्होल्टचा असेल तर मॉड्यूललाही तेवढेच द्या, कारण बोर्डावरचे पुल-अप (तारा हाय ठेवणारे रेझिस्टर) थेट व्हीसीसीला जोडलेले आहेत. आयटूसी (एसडीए-एससीएल या दोन तारांवरचा संवाद) स्कॅनरमध्ये पत्ता हेक्स ६८ म्हणजे घड्याळ, ५७ म्हणजे सोबतची ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी). काहीच दिसलं नाही तर आधी एसडीए-एससीएलची अदलाबदल झाली का ते बघा.

वेळ लावायला आरटीसीलिब ही आर्डुइनोची लायब्ररी पुरते. वेळ लावणारी ‘अ‍ॅडजस्ट’ची ओळ ‘लॉस्टपॉवर’च्या (घड्याळाची वीज गेली होती का, या) अटीतच ठेवा. ती सेटअपमध्ये मोकळी राहिली तर प्रत्येक रिसेटला घड्याळ कंपाइलच्या वेळेवर मागे जातं आणि फाइलमध्ये जुन्याच तारखा पुन्हा उमटतात. अपलोडला लागणारे सेकंद वेळेत मिळवायला विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो झोपलेल्या लॉगरला उठवणारा अलार्म. आधी ‘राइटएसक्यूडब्ल्यूपिनमोड’ने एसक्यूडब्ल्यू पिनवरची स्क्वेअर वेव्ह बंद करा, नाहीतर ‘सेटअलार्म१’ नुसतं फॉल्स परत करतं. दर १० मिनिटांच्या नोंदीसाठी आत्ताच्या वेळेत १० मिनिटं मिळवून मिनिट-सेकंद जुळणारा मोड वापरा. जाग आल्यावर ‘क्लिअरअलार्म’ आधी, पुढचा अलार्म नंतर. फ्लॅग (अलार्म झाल्याची खूण) पुसला नाही तर एसक्यूडब्ल्यू पिन लो-वरच अडकते: फॉलिंग एजवर (पिन हाय-वरून लो होताना) उठणारा लॉगर एक नोंद करून कायमचा झोपतो, लो लेव्हलवर उठणारा झोपतच नाही. आयएसआरमध्ये (इंटरप्ट येताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आयटूसीला हात लावू नका. तिथे फक्त ‘डिटॅचइंटरप्ट’ करा, बाकी सगळं लूपमध्ये.

बॅटरीवर चालवायचं असेल तर मॉड्यूलवरचा पॉवर एलईडीही उखडा. लॉगर झोपला तरी तो जळतच असतो.