बायबलवर मनन करताना या चुका टाळा

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत नवीन कोणी यायला लागलं की दोन-तीन महिन्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताई, रोज वाचते हो, पण मनाला काही लागत नाही." गेली २२ वर्षं हेच ऐकते आहे. वाचणाऱ्यांची तळमळ खरी असते, चुका मात्र त्याच त्या, ठरलेल्या. त्यातल्या काही मीही केल्या आहेत. एक तर अशी केली की आठवलं की अजून पोटात कालवतं. तीच आधी सांगते.

वचन मुळापासून तोडून घेणं

आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकाने परडीतून एक प्रॉमिस कार्ड उचलायचं असतं. त्यावर छापलेलं बायबलमधलं वचन हे त्याचं वर्षाचं वचन. एका वर्षी आमच्या गटातल्या एका भावाच्या हाती यिर्मया २९:११ आलं, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाची अकरावी ओवी. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं परमेश्वर म्हणतो, ते वचन. भावाची कंपनी दिवाळीच्या तोंडावर बंद पडली होती, दोन मुलं शाळेत होती. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "भाऊ, प्रभू बोललाय. याच वर्षी तुम्हाला नोकरी लागणार." सगळ्यांनी आमेन म्हटलं.

ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून तो मुलाखतींना जायचा. जूनपर्यंत कार्डाच्या कडा कापसासारख्या मऊ झाल्या होत्या. पुढे त्याचं उपासनेला येणं कमी झालं आणि नाताळात तो आलाच नाही. त्याची बायको भाजी घेताना भेटली. म्हणाली, "ताई, देवानं शब्द फिरवला असं म्हणतात ते."

त्या रात्री मी यिर्मयाचा २९वा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला. अकरावी ओवी मला लहानपणापासून पाठ, पण दहावी कधी नीट वाचल्याचं आठवेना. दहावीत ७० वर्षं आहेत! यरुशलेमेतून कैद करून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं देव त्यात सांगतो. म्हणजे ते पत्र ऐकणारी मोठी माणसं बहुतेक बाबेलातच मरणार होती, आणि आशेचं वचन त्यांनाच दिलेलं आहे. त्याच्या आधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळं परत मिळेल, असं तो सांगतो. लोकांना हवं होतं तेच तो बोलला, आणि यिर्मयाने त्याला तोंडावर सांगितलं की परमेश्वराने तुला पाठवलेलं नाही.

त्या भावाला मी यिर्मयाचं वचन दिलं असं समजत होते. दिलं होतं हनन्याचं.

खरं तर मराठी वाचणाऱ्याची ही चूक व्हायलाच नको. आपल्या बायबलात देव अब्राहामाशी, मोशेशी, शमुवेलाशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. इथे 'तुम्ही' आहे आणि ते आदरार्थी नाही. ते अख्ख्या लोकसमूहाला उद्देशून आहे. मी ते माझ्या सोयीने एकट्याचं केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. मग आम्ही तिघांनी बसून दोन्ही अध्याय वाचले. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे इथेच राहून बाग लावायची." नोकरी त्यानंतर दीड वर्षाने लागली, पूर्वीपेक्षा कमी पगाराची. उपासनेला मात्र तो त्याच्या कितीतरी आधी परत आला.

तेव्हापासून माझा नेम आहे. एखादं वचन आवडलं की त्याच्या आधीचा अध्याय वाचल्याशिवाय ते कोणालाही द्यायचं नाही, स्वतःलासुद्धा नाही. आणि हे कोण कोणाला म्हणतंय, ते बघायचं. सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल, हे ईयोबाच्या पुस्तकातलं ८:७ मी एका दुकानात चौकट करून लावलेलं पाहिलं आहे. पण ते बोलणारा बिल्दद आहे, दुःखात बुडालेल्या ईयोबाला, आपल्याच मित्राला, दोष देणारा. ४२व्या अध्यायात देव त्याच्यावर आणि त्याच्या सोबत्यांवर रागावतो. प्रॉमिस कार्ड उचलू नका असं मी म्हणत नाही. उचला, आणि घरी येऊन तो अध्याय उघडा.

मनातल्या मनात, भरभर वाचणं

बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या पहिल्या स्तोत्रात धार्मिक माणूस रात्रंदिवस मनन करतो असं आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा'. पुटपुटणं, गुणगुणणं, घुमणं हा त्याचा अर्थ. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ३१:४मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी हाच शब्द आहे. म्हणजे मनन हे ओठांचं आणि घशाचं काम आहे. माझी आजी तांदूळ निवडताना तेविसावं स्तोत्र पुटपुटायची. 'मला काही उणे पडणार नाही'पाशी तिचा हात सुपात थांबायचा. तिला अक्षरओळख जेमतेम होती, पण मननात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग रचले तेही गायला. पंडिता रमाबाई केडगावला वर्षानुवर्षं हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत बसल्या, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२मध्ये त्या गेल्या आणि १९२४मध्ये ते छापून निघालं. इतक्या कष्टाने मिळालेली भाषा आहे, ती जिभेवर येऊ द्या.

हळू वाचल्यावर काय हाती लागतं ते दाखवते. मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, दहावा अध्याय घ्या, आंधळा भिकारी बार्तीमय. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मी हा उतारा आठवडाभर रोज मोठ्याने वाचत होते. चौथ्या दिवशी थोडी मागून सुरुवात केली आणि थबकले. तोच प्रश्न छत्तिसाव्या ओवीत येशूने याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांनाही विचारलेला आहे. शिष्यांनी येशूच्या गौरवात त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागितली, भिकाऱ्याने दृष्टी मागितली. आणि येशूने बोलावताच हा भिकारी अंगावरचं वस्त्र टाकून उठला होता. त्याच्याजवळ दुसरं काय असणार होतं? त्या दिवशी माझी प्रार्थना एवढीच झाली, "प्रभू, मी तुझ्याकडे नक्की काय मागते आहे?" उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

वर्षात बायबल संपवण्याची शर्यत

१,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं मिळून ९०, ते जानेवारीत गोष्टींच्या ओघात वाचून होतात. महिनाअखेरीला नियमांनी भरलेलं लेवीय लागतं आणि फेब्रुवारीत पुस्तक मिटलेलं. नवख्यांना संपवण्याची फार घाई असते. एकदा पूर्ण वाचून काढावं हे मलाही मान्य आहे, पण त्याला मनन म्हणू नका. मननाला १०-१२ ओव्या आठवडाभर पुरतात.

आणखी काही

मोबाईलवर वाचत असाल तर निदान सकाळी तरी छापील प्रत घ्या. वर कोणाचा तरी मेसेज आला की प्रभूचा शब्द खाली जातो.

आधी प्रवचनाचा व्हिडिओ आणि मग उतारा, असं करू नका. दुसऱ्याने चावलेला घास आहे तो. आधी स्वतः वाचा, अडलं की मग पाळकांना विचारा, भाष्यग्रंथ उघडा.

'हे वचन अगदी आमच्या जाऊबाईंसाठी आहे' असं मनात आलं की तिथेच थांबा आणि तीच ओवी स्वतःचं नाव घालून वाचा.

फक्त गोड उतारे निवडू नका. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय तिथे मी बरेचदा तेच वाचते. काही बोलायची गरज पडत नाही.

आणि काहीच वाटत नाही, मन कोरडं आहे, असे आठवडे येतात. मला दर वर्षी येतात. तेव्हा मी नवं काही शोधत नाही, शंभरपानी वहीत तोच उतारा हाताने उतरवून काढते. रोज चार ओळी. लिहिताना हात सावकाश चालतो, म्हणून डोळेही सावकाश चालतात.

कुठून सुरू करू, असं विचारणाऱ्यांना मी मार्क सांगते. १६च अध्याय आहेत. पहिला आठवडा फक्त पहिल्या १५ ओव्या, रोज मोठ्याने. शेजारी पेन्सिल ठेवायची, आणि आठवडाभर सोळावी ओवी उघडायची नाही.