मांजराच्या पिल्लाचे पोट आणि लिटरचा वास

लिटरच्या पेटीला, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी शोषक दाणे (लिटर) भरून ठेवलेल्या पेटीला, अचानक असह्य वास येऊ लागला, तर पेटीआधी पिल्लाच्या पोटाकडे लक्ष द्यावे, कारण त्याचे मूळ बहुधा अपचनात, जंतांत किंवा घाईने बदललेल्या खाण्यात असते. गाईचे दूध पूर्ण बंद करावे. त्यातील लॅक्टोज (दुधातली साखर) अनेक पिल्लांना पचत नाही. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत ७ ते १० दिवसांत बदलावे आणि पिण्याचे पाणी सतत समोर ठेवावे.

शी पातळ, आंबूस वासाची किंवा चिकट शेंबडासारखी दिसल्यास ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यांकडे तपासून घ्यावा. रक्त, उलट्या किंवा मलूलपणा दिसला, अथवा पिल्लाने खाणे सोडले, तर त्याच दिवशी दाखवावे, कारण एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते. माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक आहे.

पेटी दिवसातून दोनदा उपसावी आणि आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन कोरडी करावी. सुगंधी लिटर टाळावे. त्या उग्र वासाने पिल्लू पेटीच टाळू शकते. अगदी लहान पिल्ले लिटर चाटतात, म्हणून त्यांच्यासाठी गुठळ्या न होणारे लिटरच वापरावे.