शब्द खटकला, तर बोलायचं कसं

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहितं, ‘मोलकरणींच्या दिवाळीसाठी वर्गणी काढू या.’ दुसरं कुणी टोकतं, ‘मोलकरीण म्हणू नका हो.’ पहिला चिडतो, ‘मी त्यांच्या भल्याचंच बोलतोय ना!’ आणि वर्गणी राहते बाजूला. शब्द कसा आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, हे दोन प्रश्न इथे एकात मिसळलेत. मन साफ असूनही शब्द बोचतो. म्हणून आधी फक्त शब्दाचं बघा.

टोकायचं असेल तर शक्यतो त्या व्यक्तीला वेगळा निरोप पाठवा. एकच शब्द दाखवा, कारण एका वाक्यात द्या, पर्याय सोबत द्या: ‘मोलकरीणऐवजी घरकामगार लिहाल का? ते कष्टाचं काम आहे. त्यांच्या कल्याण मंडळाच्या २००८ च्या राज्य कायद्यातही घरेलू कामगारच म्हटलंय.’ ‘तुमची मानसिकताच तशी’ असं म्हटलंत, की समोरचा शब्द सोडून स्वतःला सावरायला लागतो आणि तुमचं म्हणणं वाया जातं.

जातीवरून शिवी आली, किंवा ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो माणूस समोरच असला, तर मात्र तिथेच, सगळ्यांदेखत थांबवा. मागाहून खाजगीत सांगितलंत तर त्याला फक्त सगळे गप्प बसलेले दिसतात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला त्या जाती-जमातींबाहेरच्या कुणी लोकांदेखत जातीवरून शिवी देणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे ‘गंमत केली’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

तुम्हालाच कुणी टोकलं तर पहिलं उत्तर एवढंच: ‘बरं, बदलतो.’ व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मजकूर दुरुस्त करता येतो. वेळ गेली असेल तर नवा लिहा. माफी मागताना ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शेपूट लावू नका. त्या ‘असल्यास’मुळे दुखावलेल्यालाच आपलं दुःख सिद्ध करावं लागतं. ‘मी चुकीचा शब्द वापरला, माफ करा’ पुरतं. ‘आमच्याकडे पूर्वीपासून असंच म्हणतात’ हेही उत्तर नव्हे. जातिवाचक वस्त्यांची नावंही पूर्वीपासूनचीच होती. ती बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतलाच.

योग्य शब्द कोणता, हे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याकडून घ्यावं. ‘हरिजन’ हा वरून दिलेला शब्द होता, तो अनेकांनी नाकारला. ‘दलित’ मात्र १९७२ मध्ये दलित पँथरच्या तरुणांनी स्वतःच्या संघटनेच्या नावातच घेतला. अपंगत्वाच्या बाबतीत एकच उत्तर नाही. सरकारी अर्जावर ‘दिव्यांग’ लिहावं लागतं, पण त्यातला ‘दिव्य’ न पटणारे अनेक अपंग कार्यकर्ते आहेत. समोरच्यालाच विचारा, ‘तुमच्याबद्दल लिहिताना काय लिहू?’ ‘मुका-बहिरा’ मात्र सोडाच, ‘कर्णबधिर’ म्हणा. ‘महारोगी’ऐवजी ‘कुष्ठरुग्ण’ म्हणा, पण संस्थेचं नाव बदलायला जाऊ नका: बाबा आमटेंची महारोगी सेवा समिती १९४९ पासून त्याच नावाने आहे. जुने कागद उद्धृत करतानाही मूळ शब्द तसाच ठेवावा, अवतरणात.

सवयीने तोंडी येणाऱ्या म्हणी जास्त फसवतात. कारभारावर बोलताना ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ सहज निघून जातं. ‘हिशोब कुणी तपासत नाही’ म्हणा; मुद्दा उलट नेमका पोचतो.

हेतूचं बोलायची वेळ नंतर येते. नीट सांगून झाल्यावर, पर्याय देऊन झाल्यावर तोच शब्द पुन्हा मुद्दाम आला, तर आता तो अजाणतेपणा नाही. मग थेट विचारा, ‘माहीत असूनही का वापरता?’

आणि लिफ्टजवळ ‘मोलकरणींनी ही लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी असेल, तर ती ‘घरकामगारांनी’ अशी सुधारत बसू नका. पाटी उतरवा आणि तो नियम रद्द करण्याचा विषय पुढच्या सभेत घ्या.